रेवदंडा-कोर्लईला गाडीने जाताय? या चुका टाळा

अलिबाग, चौल, रेवदंडा, साळाव, कोर्लई. रस्ता जेमतेम पंचवीस किलोमीटरचा, आणि तरी दर शनिवार-रविवारी माणसं त्याच त्या चुका करतात. बहुतेक घोळाचं मूळ एकच: हॉटेलचं बुकिंग महिनाभर आधी होतं, पण भरती-ओहोटीची वेळ किनाऱ्यावर पोचल्यावर विचारली जाते.

ओहोटी न बघता निघणं

वाटेत अलिबागचा कुलाबा किल्ला बहुतेकांच्या यादीत असतोच. तिथे पायी जायचं तर पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर, एवढाच वेळ धरा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून दिवस या हिशेबाने ठरवा आणि नेमकी वेळ छापील कोष्टकात बघा.

इथे घाईवाले हमखास फसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब हटतं, पण तेव्हा ओहोटी भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी बाराला सोयीची वाटते, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीची. पाणी पुरतं हटतच नाही. म्हणून तृतीया ते षष्ठी, पक्ष कुठलाही असो, हे दिवस उत्तम. सकाळी सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान ओहोटी आणि पाणीही बऱ्यापैकी हटलेलं.

किल्ल्यात रमून वेळ टळली तर गुडघाभर पाण्यात उतरायचा हट्ट नको. खालचे खडक शेवाळलेले असतात, कालवांच्या कडा तळवा कापतात, आणि पाणी चढत असताना मधल्या खोलगट भागात पाय टिकत नाही. होडी मिळाली तर तिने या, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत थांबा. चपला घालू नका, मागे पट्टा असलेले सँडल हवेत.

गाडी वाळूत घालणं

ही चूक बघून खरंच जीव तुटतो, कारण ती शंभर टक्के टाळता येते. शिवाय पुळणीवर गाडी नेणं नियमाबाहेर आहे. रेवदंडा असो की कोर्लईपुढचं काशीद, प्रकार ठरलेला. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू टणक असते, तिथे आधीच कुणाच्या तरी चाकांचे माग असतात, म्हणून दुसरा गाडी घालतो. पण रस्ता आणि ती टणक पट्टी यांच्यामध्ये कोरड्या, भुसभुशीत वाळूचा पट्टा असतो. जाताना उतारामुळे आणि वेगामुळे गाडी तो ओलांडते, परतताना चढावर पुढची चाकं फिरू लागतात. चालक घाबरून अॅक्सिलरेटर दाबतो, चाकं आसापर्यंत रुततात, गाडी पोटावर बसते. तोवर भरती लागलेली असते. लाट टायरभोवतीची वाळू काढून नेते आणि गाडी आणखी खचते. मग ट्रॅक्टर शोधायची धावपळ, आणि बंपरला दोर बांधून बंपरच उपटला जाणं.

रुतलीच तर पहिल्या क्षणी पाय काढा. सगळ्यांना खाली उतरवा. टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि वाळूवर पकड येते. चाकांच्या पुढची-मागची वाळू हाताने उपसा, पोटाखालचीसुद्धा. गाडीतल्या पायपुसण्या, चाकं थांबलेली असताना, इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांखाली सरकवा आणि आलेल्या मागावरूनच हळू मागे घ्या. चाकांच्या रेषेत कुणी उभं राहू नका, पायपुसणी गोळीसारखी उडते. दोर फक्त टो-हुकलाच बांधा. डांबरावर आल्यावर बारा व्होल्टच्या पंपाने हवा पूर्ववत भरा. हवा कमी ठेवून वेगाने पळवलं तर टायर तापून फुटतो. त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा, ब्रेक डिस्क आणि चाकांच्या कमानींसकट. खाऱ्या पाण्याचा गंज आठवडाभर थांबत नाही.

रेवदंडा "वाटेत" समजणं

काशीद गाठायच्या नादात माणसं पोर्तुगीज तटबंदीतून गाडी हाकतात आणि त्यांना पत्ताही नसतो. गाव किल्ल्याच्या आतच वसलं आहे, नारळी-पोफळीच्या वाड्यांसकट. १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा वेढा सोसलेलं आणि वसई पडल्यावर १७४० मध्ये मराठ्यांकडे आलेलं हे ठाणं दहा मिनिटांत उरकत नाही. दोन तास ठेवा, गाडी एका जागी लावा आणि चाला. दारावरचं पोर्तुगीज राजचिन्ह बघा, सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले बघा, तटाकडेने समुद्रापर्यंत जा. वाटेवरच्या वाड्या खाजगी आहेत, विचारून आत पाऊल टाका. तटावर चढू नका. वड-पिंपळाच्या मुळांनी चिऱ्यांचे सांधे कधीच सैल केलेत. भुयारात घुसणं तर निव्वळ बेफिकिरी.

बाकीच्या, थोडक्यात

शनिवारी सकाळी आठला मुंबई सोडणं: वडखळला अडकणार. पाचच्या आत निघा किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आधीच आरक्षित करा. पावसाळ्यात समुद्र खवळला तर ती रद्द होते, हेही धरून चाला.

घरगुती खानावळीत दोनला जाऊन थाळी मागणं: सकाळी फोन करा, माणसं मोजून सांगा. तिथे मासळी तेवढीच आणतात.

कुंडलिकेचा पूल ओलांडल्यावर साळावला डावीकडे वळणं: तो रस्ता रोह्याचा. कोर्लई उजवीकडे.

कोर्लई उन्हात चढणं

१५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतलेला हा किल्ला समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावर आहे. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी चढ छोटा पण उभा, आणि सावली नाही. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर चढा, माणशी दीड लिटर पाणी घ्या. दीपगृहाकडे जाणारी वाट गावातून, अरुंद. समोरून गाडी आली की मागे घ्यायची तयारी ठेवा, आणि मोठी गाडी असेल तर ती अलीकडेच लावून चालत जा. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजातून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते. ती ऐकायची असेल तर आधी ओळख करून घ्या. थेट मोबाईल तोंडापुढे धरून "काहीतरी बोलून दाखवा" म्हणू नका.