इंजिन बिघडलेली जुनी बोट घ्यावी की सोडावी?

इंजिन कसंबसं चालतंय अशी बोट बघायला जाणार असाल, तर मालकाला आधी सांगून ठेवा: मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या अंगावर, तळहात ठेवणं. कोमट लागला तर ते नुकतंच चालवून ठेवलंय. थंड इंजिन सुरू व्हायला किती झगडतं त्यातच निम्मं दुखणं कळतं. मी एकदा हात न लावता सौदा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इंजिन उचलेना. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजलं, तर चारपैकी दोन सिलिंडर गेलेले. दोन वर्षं ती बोट ताडपत्रीखाली पडून राहिली.

तरीही ब्लॉकला हात लावून झाला की इंजिनाची बाकी तपासणी मी आता सगळ्यात शेवटी करतो. इंजिन बदलता येतं. कुजलेली बोट दुरुस्त करायला सगळी बोटच उकलावी लागते. फायबरच्या बोटीत मागच्या फळीच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ती फळी वीतभर अंतरावर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. मध्येच बद्द आवाज आला, तर आत पाणी मुरलंय. आउटबोर्ड, म्हणजे त्या फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन, असेल तर त्याचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा आणि नजर फळीवर ठेवा. ती लवली, तर परत फिरा. इनबोर्डमध्ये, म्हणजे इंजिन बोटीच्या आत असेल तर, ते ज्या आडव्या-उभ्या कण्यांवर बसतं त्या टोचून बघा. तिथलं लाकूड मऊ असेल तर नव्या इंजिनाचे बोल्टही धरणार नाहीत.

हे सगळं ठणठणीत निघालं की मग एकच प्रश्न लावून धरा: इंजिन बिघडलं कशामुळे? जुनं पेट्रोल सुकून कार्बोरेटर तुंबला किंवा डिझेलच्या टाकीत पाणी गेलं, ही दुखणी सहसा स्वस्तात सुटतात. ‘एकदा जरा तापलं होतं’ हे वाक्य मात्र मला घाबरवतं. पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर फाटला की पाणी थांबतं, इंजिन तापतं, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वाकतं, त्याखालचं गॅस्केट जातं. डिपस्टिक काढून तेल दोन बोटांत चोळा. दुधाळ दिसलं तर तेलात पाणी आहे. आउटबोर्डच्या गिअरचं तेलही असंच बघा. खारं पाणी आत शिरून इंजिन तसंच पडून राहिलं असेल, तर मी ते भंगारात धरतो.

इनबोर्ड असेल तर एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, जरूर उघडा. धूर थंड करायला त्यात पाणी सोडलेलं असतं, म्हणून तो आतून गंजतो, आणि भोक पडलं की पाणी उलटं सिलिंडरपर्यंत पोचू शकतं. टॉर्च घेऊन आत बघायला पाच मिनिटं पुरतात.

इंजिन फिरत असेल तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. सगळ्या सिलिंडरांचे आकडे साधारण दहा टक्क्यांच्या आत जुळायला हवेत. पेट्रोल इंजिनात एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचं: आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दुरुस्तीचा अंदाज लेखी मागा. त्याआधी इंजिनावरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि पार्ट मिळतात का ते विचारा. पार्टच मिळत नसतील तर अंदाजाला अर्थ नाही.

हिशोब मी असा करतो. इंजिन शून्य किमतीचं धरायचं. बोट, तिच्यात बसणारं चालू इंजिन आणि ते बसवायची मजुरी, एवढं मिळून तशीच चालती बोट घेण्यापेक्षा स्वस्त पडत असेल तरच पुढे बोलायचं. इंजिन बंदच असेल तर गिअरबॉक्सही पाण्यात चालवून बघता येत नाही, म्हणून तेव्हा त्याचे पैसेही वजा करून भाव सांगायचा. आणि मालक कॉम्प्रेशन मोजू द्यायलाच तयार नसेल, तर तिथूनच निघायचं.