घोरणारा पेशंट झोपलेला नसतो

बीएएमएसची इंटर्नशिप संपली आणि दोन महिन्यांत अँब्युलन्सवर लागलो. पहिल्याच आठवड्यातला कॉल. रात्रीचे अकरा, मोटरसायकल स्लिप, विशीतला मुलगा रस्त्याकडेला उताणा. भोवती पंधरा-वीस माणसं. एकजण बाटलीने त्याच्या तोंडात पाणी ओततोय आणि एक गृहस्थ सगळ्यांना धीर देतायत, "काही नाही हो, झोपलाय. घोरतोय बघा."

मी पळत जाऊन सिलिंडर आणला, मास्क चढवला, मिनिटाला 10 लिटरवर ऑक्सिजन सोडला आणि पल्स ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का बघत बसलो. 82. मग 81. मग 79. मागून ड्रायव्हरकाका म्हणाले, "डॉक्टर, आधी जबडा उचला की."

जबडा उचलला. घोरणं जागीच थांबलं. सक्शन (घशातलं ओढून काढणारं यंत्र) लावलं तर रक्त आणि ते ओतलेलं पाणी निघालं. आकडा 90 च्या वर गेला, तोही त्याच 10 लिटरवर. म्हणजे ऑक्सिजन मघाशीही होता, आत जायला वाट नव्हती.

या कामात नवीन येणाऱ्यांनी आधी कान तयार करावा. बेशुद्ध माणूस घोरतोय म्हणजे जीभ मागे पडून अर्धी वाट बंद आहे. गुळगुळ आवाज म्हणजे घशात रक्त, उलटी किंवा लाळ. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर वरच्या भागात सूज आहे किंवा काहीतरी अडकलंय. आणि छाती हलतेय पण आवाजच नाही, तोंडाजवळ हवाही लागत नाही, हे सगळ्यात वाईट. नातेवाइकांना त्यातच बरं वाटतं: "आता शांत झाला."

वाट मोकळी करायला एरवी कपाळ मागे, हनुवटी वर. अपघातात मानेला इजा असू शकते, म्हणून तिथे मान न वाकवता दोन्ही बाजूंनी जबड्याच्या कोनाखाली बोटं घालून जबडा पुढे उचलायचा. बोटं दुखतात. तेवढा जोर लागतोच.

गुडेल एअरवे, म्हणजे जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची वाकडी नळी, टाकताना मी घाईत हाताला येईल तो टाकायचो. मोजून टाका. एक टोक ओठाच्या कोपऱ्याशी, दुसरं जबड्याच्या कोनाशी. लहान पडला तर जिभेलाच मागे ढकलतो. मोठ्या माणसात उलटा घालून आत गेल्यावर अर्धा वळसा द्यायचा. मुलांमध्ये असा फिरवायचा नाही, टाळूला इजा होते. जीभ दाबून सरळच घालायचा. पेशंटला उबळ आली तर लगेच काढा. शुद्ध थोडी शिल्लक असलेल्याला गुडेल म्हणजे उलटीला आमंत्रण.

फवारणीच्या दिवसांत "औषध प्यायलाय" असे कॉल येतात. कीटकनाशकाचा उग्र वास, टाचणीएवढ्या बाहुल्या आणि तोंडाला फेस. पुसला तरी पुन्हा येतो. इथे नुसता मास्क लावून गाडी पळवली तर फेसातच माणूस बुडतो. ग्लोव्हज, कुशीवर, सक्शन, ॲट्रोपिन (या विषावरचं औषध), आणि श्वास कमी पडतोय असं दिसलं की बॅग, म्हणजे मास्कला जोडलेली, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. सक्शन बाहेर काढतानाच चालू ठेवायचं, एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त नाही.

बॅगबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तिथेच सगळे चुकतात. मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि नवीन माणूस ती भीतीने पूर्ण पिळतो, तीही भराभर. लागतं एक तृतीयांश. छाती उचललेली दिसली की बस, आणि श्वास सुटलेला पण नाडी लागतेय अशा माणसाला दर 6 सेकंदांनी एकदाच. जास्तीची हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि आपण पुन्हा सक्शनवर. शक्य असेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. आजोबांची कवळी घट्ट बसली असेल तर बॅग देताना राहू द्या. काढली की गाल आत जातात आणि मास्क कडेने गळतो.

ऑक्सिजनचं तुलनेनं सोपं आहे. नाकातली नळी 6 लिटरपर्यंत, साधा मास्क 5 च्या खाली नाही, पिशवीवाला मास्क 10 ते 15 आणि तो लावण्याआधी पिशवी फुगवून घ्यायची. जुना दमेकरी, आयुष्यभर बिडी ओढलेला, सीओपीडीचा (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा) पेशंट असेल तर ऑक्सिमीटरवर 88 ते 92 पुरे. 99 बघण्याचा हट्ट त्याला भोवतो. छातीत दुखतंय पण आकडा 96 आहे, तिथे ऑक्सिजन लागत नाही. नातेवाईक ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

राहिला सिलिंडर. गाडीतला बी टाइप भरलेला असला की साधारण 1500 लिटर. आत 10 लिटरची जागा, म्हणून दाबाच्या काट्यावरच्या आकड्याची दहापट करायची. काटा 50 वर म्हणजे 500 लिटर. 10 लिटरने सोडला तर जेमतेम 50 मिनिटं. आमच्याकडून जिल्हा रुग्णालय सव्वा तास आहे. म्हणून काका ड्युटीवर आले की चहाआधी काटा बघतात, आणि सिलिंडरची चावी त्यांनी सुतळीने त्याच्या मानेलाच बांधून ठेवलीय.