गोव्यातून ब्रिटनला कॉम्प्युटर सायन्स शिकायला जाताना: तयारी कुठून सुरू करावी

तयारीची सुरुवात अकरावीचे विषय निवडतानाच होते. ब्रिटनमधल्या नावाजलेल्या कॉम्प्युटर सायन्स अभ्यासक्रमांपैकी बहुतेकांना बारावीला गणित लागतं. गणित सोडून जीवशास्त्र घेतलं, तर अनेकदा फाउंडेशन इयर करावं लागतं, म्हणजे एक वर्ष आणि एका वर्षाची फी जास्त. ‘कॉम्प्युटिंग’ किंवा ‘आयटी’ नावाच्या काही पदव्या गणिताचा आग्रह धरत नाहीत, पण त्यांत अल्गोरिदमचा, म्हणजे प्रश्न सोडवण्याच्या पायरीवार पद्धतींचा, भागही कमी असू शकतो. म्हणून विद्यापीठाच्या नावाला भुलण्याआधी सगळ्या वर्षांच्या विषयांची यादी वाचा. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. खर्चाचा हिशेब तसा मांडा.

बारावीचं वर्ष सुरू होताच जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे एका कागदावर एका ‘एस’चे देसाई आणि दुसऱ्यावर दोन ‘एस’चे देसाई सर्रास सापडतात. आईवडिलांची नावंही त्यांच्या पासपोर्टशी जुळायला हवीत. कारण पुढे येईलच. दुरुस्तीला वेळ लागतो, ती व्हिसाच्या महिन्यात उरकत नाही.

अर्ज यूकॅस या ब्रिटनच्या केंद्रीय प्रवेशसंस्थेमार्फत जातो. एका अर्जात पाच पर्याय देता येतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्या बहुतेकांची जानेवारीत. बारावीचा निकाल तोवर लागलेला नसतो, म्हणून शाळेकडून अंदाजित गुण आणि शिफारसपत्र लागतं. आपल्या अनेक उच्च माध्यमिक विद्यालयांना याची सवय नाही, तेव्हा चतुर्थीच्या सुट्टीआधीच प्राचार्यांना भेटून नमुना दाखवा. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनात तीन प्रश्न असतात, मिळून ४,००० अक्षरं. ‘लहानपणापासून संगणकाची आवड’ लिहून जागा दवडू नका. स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्राम घ्या: तो कुठे अडला, का अडला, कसा सोडवला. काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा माफ करतात. गोवा मंडळाचे गुण चालतात का, ते ईमेलनं लेखी विचारून घ्या.

व्हिसाचे अर्ज अनेकदा फसतात ते पैशांच्या पुराव्यावर. पहिल्या वर्षाची न भरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. त्या २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचंच हवं; आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं. दुबईतल्या काकांचे किंवा बोटीवरच्या मामांचे पैसे त्यांच्या खात्यात राहून चालत नाहीत. ते आधी आपल्या खात्यात आणा आणि २८ दिवस तिथून मोजा. सोनं, शेअर, भविष्यनिर्वाह निधी यांची गणती होत नाही. शैक्षणिक कर्ज चालतं. कर्जाचं बँकेचं पत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. व्हिसाचा अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याआधी सहा महिन्यांपासून करता येतो. क्षयरोग तपासणीचा दाखला मात्र मान्यताप्राप्त केंद्राचाच लागतो.

पोर्तुगीज पासपोर्ट काढला की ब्रिटनमध्ये फी कमी, ही समजूत आता खोटी आहे. ब्रेक्झिटनंतर, २०२१-२२ पासून तिथे नव्यानं शिकायला येणाऱ्या युरोपीय नागरिकांनाही सहसा परदेशी विद्यार्थ्यांचीच फी पडते. शिवाय भारतीय नागरिकत्व जातं ते वेगळंच.

तिथे गेल्यावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि स्वतःचा धंदा अजिबात नाही. कलंगुटच्या हॉटेलची वेबसाइट पैसे घेऊन सांभाळण्याचं काम निघण्याआधीच दुसऱ्याकडे सोपवा. घरबसल्या फ्रीलान्सिंगही या बंदीत येतं.

इथे प्रॅक्टिकलची जर्नल एकमेकांची बघून उतरवली जाते. तिथे जमा केलेला कोड सॉफ्टवेअरनं पडताळतात. नुसती व्हेरिएबलची नावं बदलून साम्य लपत नाही, आणि मित्राला कोड देणाराही चौकशीत सापडतो. पहिल्या असाइनमेंटपासून गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, वापरा; रोजचं काम रोज त्यातल्या खासगी रिपॉझिटरीत (साठ्यात) कमिट करा, म्हणजे नोंदवून ठेवा. शंका घेतली गेली, तर कोड टप्प्याटप्प्यानं तुम्हीच लिहिला हे त्या नोंदींवरून दाखवता येतं.