फिजिओथेरपीच्या काउंटरवर डोकं तापतं तेव्हा काय करावं

फ्रोझन शोल्डरमुळे माझा उजवा हात वर जात नव्हता आणि क्लिनिकचं काउंटर छातीएवढं उंच होतं. डाव्या हाताने उजवा उचलून वर टेकवला, कसाबसा फॉर्म भरला आणि मग कळलं, आजच्या यादीत माझं नावच नाही. फोनवर मिळालेली वेळ पुढच्या आठवड्यात लिहिली गेली होती. मी आवाज चढवला, समोरची मुलगी गप्प झाली आणि मी उपचार न घेताच घरी परतले. तो आठवडा फुकट गेला, त्याची रुखरुख अजून आहे.

इतर डॉक्टरांकडे आपण कधीमधी जातो. फिजिओथेरपीला मात्र बहुतेकदा आठवड्यातून दोन-तीन वेळा, कित्येक आठवडे जावं लागतं. म्हणजे त्याच काउंटरशी पुन्हा पुन्हा गाठ. शिवाय खाडा परवडत नाही. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकवायची सवय लागली नाही, तर तो आखडतो.

म्हणून पहिला फोन करतानाच वेळ मिळाली की ती आपल्या तोंडाने परत म्हणा : ‘मंगळवार, 14 तारीख, सकाळी साडेदहा, बरोबर?’ आणि तसा मेसेज मागा. डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, एक्स-रे आणायचे का, हेही तेव्हाच विचारा. पहिल्या भेटीत तपासणी असते, त्यामुळे जास्त वेळ हाताशी ठेवा.

पहिल्याच दिवशी, निघण्यापूर्वी, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या वेळा एकदम घ्या. शक्यतो एकाच थेरपिस्टकडे. माणूस बदलला की दुखण्याची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. हव्या त्या वेळा भरल्या असतील तर ‘कुणी रद्द केलं तर मला फोन करा’ म्हणून नाव लिहून ठेवायला सांगा.

सगळ्यात जास्त वाद होतात ते पैशांवरून. विमा असेल तर ‘मंजूर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. किती सेशन मंजूर आहेत, कोणत्या तारखेपर्यंत आणि दर वेळी माझ्या खिशातून किती जाणार, हे विचारा. मंजुरी मिळाली म्हणजे विमा कंपनी सगळे पैसे देईलच असं नाही, त्यामुळे कंपनीला स्वतः एक फोन करणं बरं. झालेली सेशन वहीत मोजा. तीन उरली की पुढच्या मंजुरीची आठवण करा, कारण त्यासाठी अनेकदा थेरपिस्टला प्रगतीचा अहवाल पाठवावा लागतो आणि त्यात दिवस जातात. वेळ रद्द करायचा नियमही लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी 24 तास आधी कळवलं नाही तर पैसे लागतात.

एवढं करूनही घोळ झालाच तर? ‘तुमचं नेहमीचंच आहे’ हे वाक्य गिळा. काय घडलं ते एका वाक्यात सांगा, काय हवं ते दुसऱ्या. ‘मला साडेदहाची वेळ दिली होती, हा मेसेज. आज कुणाकडे जागा आहे का?’ काउंटरवरच्या माणसाने नियम केलेले नसतात आणि बहुधा मोडायचा अधिकारही त्याला नसतो. तेव्हा शांतपणे विचारा, ‘हे कोण ठरवू शकतं?’ मोठा प्रश्न असेल तर क्लिनिक उघडताच, फोन वाजत असताना जाऊ नका. दुखणं चारचौघांत सांगायला संकोच वाटला तर कागदावर लिहून द्या, नाहीतर बाजूला बोलूया म्हणा. तो तुमचा हक्कच आहे.

व्यायामाने दुखणं वाढलं, करू का थांबवू, हा प्रश्न मात्र काउंटरवर सोडवू नका. थेरपिस्टने फोन करावा असा निरोप ठेवा. ऑपरेशननंतर पोटरी अचानक सुजून दुखू लागली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर निरोपाचीही वाट पाहू नका. रक्ताची गुठळी असू शकते, लगेच तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

तोच त्रास तिसऱ्यांदा झाला तर तारखांसह चार ओळी व्यवस्थापकांना लिहा. तरीही फरक पडला नाही तर क्लिनिक बदला, पण निघताना तपासणीच्या नोंदी आणि व्यायामांच्या यादीची प्रत मागून घ्या. हात किती अंशांपर्यंत वर जातो हे त्यात लिहिलेलं असतं. नवा थेरपिस्ट तिथूनच पुढे सुरू करू शकतो.