चिपची चावी बनवायला शिकताना

गाडीच्या चाव्यांच्या धंद्यात नवीन येणारा पहिला प्रश्न विचारतो तो मशीनचा. कटिंग मशीन कुठलं घेऊ, गाडीत नव्या चावीची नोंद करणारा प्रोग्रॅमर कुठला घेऊ? पण फसलेली कामं बघितली, तर बहुतेक मशीनला हात लावायच्या आधीच फसलेली असतात. चिप चुकीची ओळखलेली असते, बॅटरी तपासलेली नसते, नाहीतर गिऱ्हाइकाच्या कपाटात पडलेली दुसरी चावी मागवलेलीच नसते. चावी कापणं महिन्याभरात येतं. आधी काय बघायचं, हे अंगवळणी पडायला वर्ष जातं.

सुरुवात चावी उघडण्यापासून करा. जुन्या, निकामी चाव्या गोळा करून फोडून बघा. एका चावीत तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिलं पातं, ते कुलूप फिरवतं. दुसरी रिमोटची छोटी प्लेट. तिला सीआर२०३२ किंवा सीआर१६२० सारखा सेल लागतो, आणि आपल्याकडे ती सहसा ४३३ मेगाहर्ट्झवर दरवाजे उघडते. तिसरी चिप. काळा, साबणाच्या छोट्या वडीसारखा तुकडा, साधारण १२ मिमी लांब, ६ मिमी रुंद, ३ मिमी जाड. काही चाव्यांत त्याऐवजी काचेची बारीक नळी असते. या चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती उत्तर देते. उत्तर पटलं तर इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चिपशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा, इंजिनाला परवानगी देतो. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी चावी घालून गाडी चालू होते.

हे कळलं की धंद्यातली सगळ्यात नेहमीची तक्रार लगेच सुटते. गिऱ्हाईक म्हणतं, "चावीचं कव्हर बदललं आणि गाडी बंद पडली." कव्हर बदलणाऱ्याने रिमोटची प्लेट आणि पातं नव्या कव्हरमध्ये घातलेलं असतं. चिप जुन्या कव्हरच्या खाचेत चिकटून राहिलेली असते आणि ते कव्हर कचऱ्यात गेलेलं असतं. कव्हर बदलायचं काम आलं, तर आधी चिप काढून पांढऱ्या कागदावर ठेवा, मग बाकीच्याला हात लावा. चाकूने उचकटू नका. तिचा कोपरा उडाला की आतली तार तुटते आणि चिप मुकी होते.

गाडीला इमोबिलायझर आहे की नाही, याची शंका आली तर चालू चावीच्या डोक्याला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन वेढे घट्ट द्या आणि गाडी चालू करून बघा. नेहमीसारखी चालू राहिली, तर बहुधा साधं पातं कापून भागेल. एक-दोन सेकंदांत बंद पडली, किंवा स्टार्टर फिरतोय पण इंजिन लागत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय, तर चिप हवी.

आता चिपची जात. ४६, ४७, ४८, ४डी, ८ए ही बाजारातली नावं तोंडपाठ करा, पण गाडीच्या नावावरून चिप कधीच ठरवू नका. एकाच नावाची गाडी तीन वर्षांनी वेगळ्या चिपसह येते, आणि एकाच वर्षात पेट्रोल-डिझेलमध्येही फरक पडू शकतो. चालू चावी चिप वाचणाऱ्या यंत्रावर ठेवा, जात वाचा, वहीत लिहा, मगच कोरी चिप काढा. हल्ली हव्या त्या जातीची करता येणारी 'सुपर चिप' मिळते. ती हाताशी असावी, पण शिकताना तिच्यावर विसंबू नये, नाहीतर जाती कधीच लक्षात राहत नाहीत. आणखी एक: भंगारातली वापरलेली चावी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. ४६ची चिप एकदा एका गाडीला शिकवली की बहुतेक वेळा लॉक होते. दुसरी गाडी तिला घेत नाही.

क्लोन आणि प्रोग्रॅमिंग यांतला फरक गिऱ्हाइकाला सांगता आला पाहिजे. क्लोन म्हणजे जुन्या चिपची हुबेहूब नक्कल. गाडीला नवी चावी आल्याचं कळतही नाही, ओबीडीत, म्हणजे गाडीच्या संगणकाशी यंत्र जोडायच्या सॉकेटमध्ये, काही जोडावं लागत नाही. हे शक्य झालं ते चिप ज्या गुप्त गणिताने उत्तर देते, ती गणितं फुटल्यामुळे: जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली ४० बिटांच्या ४डी चिपचं गणित सोडवलं, २०१२ साली ४६च्या चिपची तीच गत झाली. क्लोनचा तोटा असा, की हरवलेल्या चावीची नोंद गाडीतून पुसायची वेळ आली तर तिच्याबरोबर तिची नक्कलही मरते. प्रोग्रॅमिंगमध्ये नव्या चिपची स्वतंत्र नोंद गाडीत होते. हरवलेल्या चावीच्या जागी नवी करायची असेल तर प्रोग्रॅमिंगच करावं आणि जुनीची नोंद पुसावी.

उदाहरणादाखल पातं घालून चालणाऱ्या चावीची ह्युंदाई घ्या. तिच्या बऱ्याच मॉडेलांत 'स्मार्ट्रा' नावाची व्यवस्था असते आणि ६ आकडी पिन लागतो. आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर, गाडीवर कोरलेला नंबर आणि ओबीडीतून वाचलेला नंबर हे तिन्ही जुळवा. भारतात बनलेल्या ह्युंदाईचा नंबर 'एमएएल'ने सुरू होतो, मारुतीचा 'एमए३'ने. पिन मालकाच्या कागदपत्रांवर शोरूममधून मिळतो. काही मॉडेलांत प्रोग्रॅमरही चासी नंबरावरून काढून देतो. पिन टाकताना अंदाजपंचे काम नको. तीनदा चुकला की स्मार्ट्रा तासभर शिकवणीच, म्हणजे चावीची नोंदच, घेत नाही. बॅटरीची तार काढून तास वाचवू म्हणाल, तर उलटंच होतं: तार पुन्हा जोडली की तास पहिल्यापासून मोजला जातो. गिऱ्हाईक शेजारी उभं असताना हा तास फार लांब वाटतो.

ह्युंदाईत शिकवणी सुरू झाली की त्या बैठकीत न दाखवलेल्या जुन्या चाव्या बाद होतात. म्हणून घरातल्या सगळ्या चाव्या आधी मागवायच्या. गाडीत एकूण चारच चाव्यांची नोंद बसते.

प्रत्यक्ष काम असं. मल्टीमीटर बॅटरीवर लावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२च्या खाली असेल तर चार्जर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्धा तास इग्निशन चालू ठेवल्यावर व्होल्टेज पडतं आणि नोंद मध्येच तुटते. एसी, दिवे, म्युझिक बंद. एका रिंगेत दोन चाव्या असतील तर सोडवा आणि बाकीच्या कुलपापासून लांब सीटवर ठेवा, नाहीतर वेटोळ्यासमोर दोन चिपा एकदम बोलतात आणि गाडी दोन्ही नाकारते. नवं पातं आधी दरवाज्यात आणि इग्निशनमध्ये फिरवून बघा. अडकत असेल तर जोर लावू नका, पुन्हा कापा. कुलपात तुटलेलं पातं काढण्याचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. मग चालू चावीने इग्निशन ऑन, प्रोग्रॅमरमध्ये की टीचिंग, पिन, पहिल्या चावीची खात्री, इग्निशन ऑफ, पुढची चावी. चाव्या बदलायला वेळ मोजका असतो, म्हणून त्या हातात क्रमाने धरून बसा. शेवटी प्रत्येक चावीने गाडी चालू करा, बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. रिमोटची शिकवणी वेगळी असते. चिप झाली म्हणजे रिमोट झाला असं नाही.

पात्याबद्दल थोडं. दहा वर्षं वापरलेल्या चावीवरून नक्कल कापली तर झीजही कापली जाते. नव्या गाडीबरोबर बऱ्याचदा नंबर कोरलेली छोटी धातूची पट्टी येते. ती मिळाली तर नंबरावरूनच कापा. ब्लँकचे, म्हणजे न कापलेल्या कोऱ्या पात्यांचे, प्रकारही वेगळे: फोक्सवॅगन-स्कोडाला एचयू६६, होंडाला एचओएन६६.

सगळ्या चाव्या हरवलेली गाडी पहिल्या वर्षी घेऊ नका. त्यात काही वेळा इमोबिलायझरचा डबा काढून आतली आठ पायांची मेमरी, ९३सी६६ सारखी, सोल्डर काढून वाचावी लागते. दोनदा वाचायची, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच लिहायची, आणि मूळ फाइल कधीच पुसायची नाही. सोल्डरिंगचा सराव त्यासाठी आधी भंगारातल्या बोर्डांवर करा.

कागदपत्रांचा आळस नको. आरसी आणि मालकाचं ओळखपत्र बघून प्रत ठेवा. चावी हरवली असेल तर पोलिसांकडच्या हरवल्याच्या नोंदीची प्रतही. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाला समोर आणल्याशिवाय काम नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. बिलावर चासी नंबर, जुन्या-नव्या चाव्यांची संख्या आणि कुठली नोंद पुसली हे लिहा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून मोडकी मूळ चावीही गिऱ्हाइकाला परत द्या आणि ती पाकिटात घालून विम्याच्या कागदांसोबत ठेवायला सांगा.