ट्रम्पेटवरचा मार्चेल्लो सापडत नसेल तर

लक्षण असं: इटालियन संगीतकार मार्चेल्लोचा डी मायनर या स्वरातला कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला, अशी रचना) ट्रम्पेटवर कानावर पडलेला असतो, पण शोधायला गेलं की सगळा ओबोच (सनईसारखं फुंकवाद्य) येतो. साहजिकच आहे, १७१७ च्या सुमारास ॲमस्टरडॅमला छापलेली मूळ रचना ओबोचीच. ‘ट्रम्पेट कॉन्चेर्टो’ जोडून पाहिलं तर दुसराच संगीतकार, हायडन, पुढे आला. गुणगुणून धून ओळखणाऱ्या ॲपने पियानोवरचा बाख, म्हणजे संगीतकार बाखने याच रचनेचं केलेलं रूपांतर दाखवलं, तेव्हा वैताग आला.

जमलं ते या क्रमाने. आधी रचनेऐवजी वादकाचं नाव रोमन लिपीत टाकायचं: मोरिस आंद्रे (Maurice André) किंवा ॲलिसन बॉल्सम (Alison Balsom). त्यांच्या रेकॉर्डिंगच्या यादीत फक्त ‘मार्चेल्लो’ शोधायचं, कारण हा कॉन्चेर्टो खरा आलेस्सांद्रोचा असला तरी पुष्कळदा त्याचा भाऊ बेनेदेत्तोच्या नावावर असतो. मग डी मायनरसोबत सी मायनरही पाहायचा. जुनी एक प्रत त्या स्वरातही आहे. शीर्षकात ‘ओबो’ दिसला म्हणून लगेच पुढे जाऊ नका. ट्रम्पेट बऱ्याचदा फक्त वादकाच्या नावापुढे लिहिलेला असतो.

शेवटी कानाने खात्री. पहिला भाग आन्दान्ते ए स्पिक्कातो, सुरुवातीला तारवाद्यं एकच ओळ मिळून वाजवतात. मग संथ अदाजो, शेवटी जलद प्रेस्तो. अदाजोत एकेक स्वर चढत जाऊन ठोक्यांचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) तयार होतात आणि त्यावर ट्रम्पेट येतो.

बाखचं ते पियानोसारख्या कळफलक-वाद्यासाठीचं रूपांतर, बीडब्ल्यूव्ही ९७४ (बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), तेही जपून ठेवा. अदाजोतली नक्षी अनेक वादक तिथूनच उचलतात.