हीटरचा ट्रान्सफॉर्मर: विकत घेण्याआधी आणि जोडण्याआधी

कॅटलॉग उघडण्याआधी ट्यूब ॲम्पमधल्या (ॲम्प्लिफायरमधल्या) सगळ्या ट्यूब कागदावर लिहा आणि त्यांच्या हीटरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड तापवणाऱ्या तारेच्या, करंटची बेरीज करा. ६.३ व्होल्टवर १२एएक्स७ ०.३ अँपिअर घेते, ६व्ही६ ०.४५, ईएल८४ ०.७६, ६एल६जीसी ०.९ आणि ईएल३४ चक्क १.५. म्हणजे दोन ईएल८४ आणि तीन १२एएक्स७ असलेल्या ॲम्पला २.४२ अँपिअर लागतात, तर चार ईएल३४ आणि तितक्याच १२एएक्स७ असतील तर ६.९. १२एएक्स७चा हीटर मधोमध विभागलेला असतो; पिन ४ आणि ५ एकत्र करून ९ हे दुसरे टोक धरले असेल तरच ०.३ हा आकडा खरा. रेक्टिफायर ट्यूब (एसीचे डीसी करणारी) असेल तर तिची बेरीज वेगळी मांडा: जीझेड३४ला ५ व्होल्टवर १.९ अँपिअर, ५यू४ला ३. या ट्यूबच्या हीटरची ट्रान्सफॉर्मरमधली गुंडाळी पूर्ण हाय टेन्शनवर (ट्यूबना लागणाऱ्या शेकडो व्होल्टवर) चढलेली असते, त्यामुळे ती बाकीच्या हीटरपासून स्वतंत्रच हवी.

आलेल्या बेरजेवर वीस-पंचवीस टक्के वाढवा आणि तिथेच थांबा. ‘जास्त अँपिअरचा घेतला की निर्धास्त’ हा समज फार पसरलेला आहे, पण तो अर्धाच खरा. लेबलवरचे ६.३ व्होल्ट हे पूर्ण भारावरचे असतात. ६ अँपिअरच्या गुंडाळीवर जेमतेम २.४ अँपिअरचा भार टाकला तर व्होल्टेज चढेच राहते, आणि मग तुम्हीच ते खाली आणायच्या खटपटीला लागता. डेटाशीट साधारण दहा टक्के सूट देतात, म्हणजे ५.७ ते ६.९. मी मात्र ६.० ते ६.६च्या बाहेर जाऊ देत नाही. व्होल्टेज फार कमी पडले तर कॅथोडमधून पुरेसे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. सतत जास्त राहिले तर ट्यूबचे आयुष्य घटते.

आता आपल्या प्लगमध्ये खरोखर किती व्होल्ट येतात ते दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजा. प्रायमरी (मेन्सला जोडायची गुंडाळी) २२० व्होल्टची आणि मेन्स (प्लगमधली वीज) २४०ची असेल, तर ६.३चे आपोआप ६.८७ होतात, हाय टेन्शनही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून २२०, २३०, २४० असे टॅप (गुंडाळीतून मध्येच काढलेल्या जोडण्या) असलेला ट्रान्सफॉर्मर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजा. हीटर डीसीवर चालवायचे असतील तर हिशेब बदलतो: ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर) आणि कपॅसिटर लावल्यावर गुंडाळीतून वाहणारा आरएमएस करंट (तारेला तापवणारा परिणामी करंट) डीसी करंटच्या दीडपटीहून अधिक होतो, म्हणून गुंडाळीही तेवढी जाड हवी.

ट्रान्सफॉर्मर हातात आला की लगेच मेन्सला जोडू नका. आधी मल्टिमीटरने कोणती वायर कोणत्या गुंडाळीची ते ओळखा. हीटरची गुंडाळी एक ओहमच्याही खाली दाखवते. मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा असतो, म्हणून त्या आकड्यावरून ती सलग आहे एवढेच समजते. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) प्रत्येक गुंडाळी कोअरशी आणि दुसऱ्या गुंडाळ्यांशी तपासा. नव्या ट्रान्सफॉर्मरला शंभर मेगाओहमपेक्षा जास्त सहज मिळायला हवेत.

यानंतरची चाचणी माझ्या आवडीची आहे, कारण तिच्यात धोका कमी आणि माहिती भरपूर. छोट्या ॲडॅप्टरमधून १२ व्होल्ट एसी घ्या आणि २३०च्या प्रायमरीला द्या. हीटरवर ०.३३ व्होल्टच्या किंचित वर मिळायला हवे, ३००-०-३०० व्होल्टच्या हाय टेन्शन गुंडाळीच्या बाहेरच्या दोन टोकांमध्ये ३१च्या आसपास. ११५ची दुहेरी प्रायमरी असेल तर तिची दिशाही याच वेळी ठरवा. उलट दिशेने समांतर जोडलेल्या दोन गुंडाळ्या म्हणजे सरळ शॉर्ट. हीच चाचणी उलटी, म्हणजे हीटरला ६.३ व्होल्ट देऊन करू नका: दुसऱ्या बाजूला पूर्ण मेन्स आणि पूर्ण हाय टेन्शन उभे राहते.

मेन्सची पाळी आली की फ्यूज आणि प्रायमरीशी सिरीजमध्ये ४० ते ६० वॉटचा बल्ब लावा. बल्ब फिलामेंटचाच हवा, एलईडीचा इथे काही उपयोग नाही. हाय टेन्शनच्या वायरी वेगवेगळ्या इन्सुलेट करून ठेवा. त्या जीव घेऊ शकतात. बल्ब क्षणभर चमकून विझत आला तर ठीक. सेकंडरी (प्रायमरी सोडून बाकीच्या गुंडाळ्या) सगळ्या मोकळ्या असूनही तो प्रखर जळत राहिला तर आत कुठेतरी वेढे शॉर्ट आहेत, आणि तो ट्रान्सफॉर्मर परत पाठवण्याच्या लायकीचा. टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर स्लो-ब्लो (सावकाश वितळणारा) फ्यूज घ्या, आणि मधल्या बोल्टची दोन्ही टोके चॅसीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) टेकू देऊ नका. तो बोल्टच एक शॉर्ट वेढा होतो.

भाराच्या चाचणीला बल्ब काढा, फ्यूज राहू द्या. हीटरच्या गुंडाळीवर २.४ अँपिअरसाठी २.७ ओहमचा रेझिस्टर चालतो. त्यात सुमारे १५ वॉट जिरतात, म्हणून ५० वॉटचा घ्या आणि धातूच्या पट्टीवर बसवा. सुरुवातीला प्रायमरीचा रोध लिहून ठेवा. तासाभराने बंद करून प्लग काढा आणि लगेच पुन्हा मोजा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, तेव्हा २० ओहमचे २३ झाले असतील तर गुंडाळी सुमारे ३९ अंशांनी तापली आहे. हाय टेन्शनचा भार अजून यात आलेला नाही, हे विसरू नका.

हीटरच्या गुंडाळीला सेंटर टॅप (मधोमध काढलेली जोडणी) नसेल तर तिच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १०० ओहमचा एकेक अर्ध्या वॉटचा रेझिस्टर द्या. गुणगुण कमी होते. टॅप असेल तर हे रेझिस्टर लावायचे नाहीत.

खरा निकाल ॲम्पमध्येच लागतो. सगळ्या ट्यूब बसवा, स्टँडबाय सोडा (म्हणजे हाय टेन्शन चालू करा), दहा मिनिटे जाऊ द्या आणि ट्रान्सफॉर्मरपासून सर्वांत लांबच्या सॉकेटवर मोजा. मीटर ट्रू-आरएमएस असावा. तिथे ६.८ दिसले तर हीटरच्या दोन्ही वायरींत ०.१ ओहमचा एकेक रेझिस्टर टाका: २.४ अँपिअरला एकूण जवळपास अर्धा व्होल्ट उतरतो. प्रत्येकात ०.६ वॉट जिरतो, त्यामुळे ३ वॉटचे घ्या आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरपासून दूर बसवा.